चवदार तळ्यावर कॉमिक करायचंय? आठवी-नववीच्या पोरांना घेऊन १६ पानी बुक कसं बनवायचं

गेली तीन वर्षं मे महिन्याच्या सुट्टीत मी आठवी-नववीच्या पोरांना घेऊन चित्रकथा करते, ग्राफिक नॉव्हेल म्हणा, कॉमिक म्हणा, पोरं नुसतं "आपलं बुक" म्हणतात. मार्च २०२७ ला महाडच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतात, त्यामुळे हल्ली बरेच शिक्षक विचारतात की ताई आम्हालापण चवदार तळ्यावर करायचंय, पोरांना थोडीफार चित्रं येतात, पुढे काय? तर एकदाच सगळं लिहून टाकते. तुम्ही स्वतः चित्रकार असायची गरज नाही, मला अजून धड घोडा काढता येत नाही.

निबंधात पोरगा लिहितो की बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी प्राशन केलं, दहापैकी आठ मार्क, विषय संपला. तेच चित्र काढायला बसला की पेन्सिल अडते. तळ्याचा काठ कसा होता? मागे कोण उभं होतं? अंगात काय होतं? मग तो स्वतःच कागद चाळायला लागतो आणि मला या सगळ्या खटाटोपाचा खरा फायदा हाच वाटतो. म्हणून पहिले दहा-बारा दिवस पोरांना फायनल चित्र काढूच देऊ नका. कुरकुर करतील, करू देत.

आधी साइज ठरवा

१६ पानं, त्याच्या वर जाऊ नका. पहिल्या वर्षी मी ४८ पानांचा घाट घातला आणि जून उजाडला तेव्हा हातात ११ पानं आणि दोन रडवेली पोरं होती. १६ हा आकडा अगदीच हवेतला नाही, अमेरिकेत काळ्या लोकांनी वर्णभेदाविरुद्ध केलेल्या माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर १९५७ साली जे कॉमिक निघालं ते १६ पानीच होतं, किंमत १० सेंट, आणि दक्षिणेतल्या कॉलेजच्या पोरांनी ते हातोहात फिरवलं. आपल्याला सोयीचं अशासाठी की चार ए-फोर कागद दोन्ही बाजूंनी छापले, मधोमध दुमडले, दोन स्टेपल मारले की बरोबर १६ पानं होतात.

कव्हर, मलपृष्ठ आणि आतलं एक नकाशाचं पान सोडलं तर गोष्टीला १३ पानं उरतात. एका पानावर चार, फार तर पाच चौकटी. म्हणजे अख्ख्या बुकात साधारण पन्नास चित्रं. हा आकडा पोरांना पहिल्याच दिवशी सांगा म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मापासून सुरुवात करायचा मोह आपोआप जातो.

कागद गोळा करा

महाडचं बरं हे की लेखी पुरावा भरपूर आहे आणि बराचसा फुकट मिळतो. महाराष्ट्र शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड नेटवर पीडीएफमध्ये आहेत, मराठी भाषणं १८व्या खंडात. ३ एप्रिल १९२७ ला बाबासाहेबांचं 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू झालं त्याचे अंक आहेत. आणि तिसरी गोष्ट कोणी बघतच नाही ती म्हणजे मुंबई हायकोर्टाचा १७ मार्च १९३७ चा निकाल. तळं आपलंच आहे म्हणत सवर्ण मंडळींनी डिसेंबर १९२७ मध्ये दिवाणी दावा लावला होता, तो दहा वर्षं चालला आणि शेवटी बाबासाहेबांच्या बाजूने लागला. निकाल इंग्रजीत आहे पण त्यात तळ्याचं वर्णन आहे, चार ते पाच एकराचं, काही नैसर्गिक काही माणसाने केलेलं, चहूबाजूंनी रस्ते आणि रस्त्यापलीकडे बहुतेक सवर्णांची घरं. चित्र काढणाऱ्याला यापेक्षा जास्त काय पाहिजे! एका पोराने त्यावरून तळ्याचा वरून दिसणारा प्लॅन काढला, तो आम्ही भिंतीला लावला आणि मग प्रत्येक चौकटीच्या वेळी कॅमेरा कुठे उभा आहे ते त्या प्लॅनवर बोट ठेवून सांगायचं असा नियम केला.

महाड जवळ असेल तर जाऊन या, पण पोरांना आधी सांगून ठेवा की आज दिसतो तो बांधलेला काठ, तो पुतळा, यातलं १९२७ च्या चित्रात काही घ्यायचं नाही. आणि व्हॉट्सॲपवर ओंजळीने पाणी पितानाचं जे रंगीत चित्र फिरतं तो फोटो नाही, नंतर कोणीतरी काढलेलं चित्र आहे. त्यावरून कॉपी केलीत तर तुम्ही चित्राचं चित्र काढताय.

मग भिंतीवर एक तारखांची दोरी बांधा, चिठ्ठ्या क्लिपने लावायच्या. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार तळं खुलं केलं, कागदावर. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद (कुलाबा म्हणजे आताचा रायगड), २० ला परिषदेचे लोक मिरवणुकीने तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. २५ डिसेंबरला महाडलाच दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीचं दहन. ही दोरी बघून एका पोरीने विचारलं, ताई ठराव झाला पण ४ ऑगस्टला आणि गेला पण ४ ऑगस्टलाच? मी इतकी वर्षं वाचत असून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आकडे जुळले नाहीत की घाबरू नका. मार्चच्या परिषदेला अडीच हजारांहून जास्त लोक होते असं खुद्द बाबासाहेबांनी लिहिलंय, काही चरित्रांत दहा हजार सापडतात. आम्ही मजकुरात आकडा घातलाच नाही, गर्दी चौकटीच्या दोन्ही कडांच्या बाहेर जाऊ दिली, बघणाऱ्याने काय मोजायचं ते मोजावं.

वेशभूषा, म्हणजे जिथे सगळे आपटतात ते

पहिल्या कच्च्या चित्रांत हमखास काय येतं सांगते. निळा सूट, जाड चष्मा, हातात संविधान, मागे निळा झेंडा आणि बोलण्याच्या फुग्यात "जय भीम". थोडक्यात चौकातला पुतळा उचलून तळ्यावर ठेवलेला. पोरांची चूक नाही, त्यांनी बाबासाहेब असेच पाहिलेत. पण मार्च १९२७ ला बाबासाहेब पस्तीस वर्षांचे होते, छत्तीस पूर्ण व्हायला महिना होता. संविधान स्वीकारलं गेलं १९४९ ला, धम्मदीक्षा १९५६ ची, "जय भीम" ही हाकसुद्धा नंतरची. 'हरिजन' शब्द १९३२ नंतर रूढ झाला म्हणून फुग्यांत तोही नको, परिषदेच्या नावातच 'बहिष्कृत' आहे तो वापरा. आणि पोरांना चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे डिसेंबरच्या परिषदेच्या मंडपात फोटो लावला होता तो गांधीजींचा. तो काढायचा की नाही यावर आमच्याकडे पाऊण तास भांडण झालं, शेवटी काढला.

दुसरी चूक जास्त चिवट आहे. परिषदेला आलेले सगळे लोक काळे, फाटके, वाकलेले आणि अंगावर येणारे सगळे गोरे आणि गलेलठ्ठ. त्या भागात पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्या महार सैनिकांची घरं होती, कोट-फेट्यातली ताठ माणसं त्या मिरवणुकीत असणारच. आणि दुसऱ्या बाजूने बघायचं तर अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस ही सवर्ण माणसं चळवळीबरोबर होती, मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे तर ब्राह्मण होते. मार्चमध्ये परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, त्यात मार खाल्लेल्या काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला आणि डिसेंबरच्या मंडपाला जागा फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी दिली. हे सगळे चेहरे आले की कोण कुठल्या बाजूचा हे कपड्यावरून किंवा रंगावरून ओळखता येत नाही, पोरांना माणूस काढावा लागतो.

लुगड्याचं वेगळं सांगते कारण ते आमच्याकडे सगळ्यात गाजलं. डिसेंबरमध्ये बाबासाहेब बायकांशी स्वतंत्र बोलले, लुगडं गुडघ्यापर्यंत आखूड नेसू नका, वरच्या जातीतल्या बायका नेसतात तसं घोट्यापर्यंत नेसा, जात दाखवणारे जाड दागिने टाका. आणि बायकांनी नेसण्याची तऱ्हा लगेच बदलली. म्हणजे एकाच पानावर वर आखूड लुगडं आणि खाली लांब लुगडं, शब्द न लिहिता अख्खी गोष्ट होते. आमच्या पोरीने ते काढलं, छान काढलं, घरी नेऊन आजीला दाखवलं तर आजी म्हणाली अगं हे तर सहावारी गोल आहे, काष्टा कुठाय? मग आजीने तिला स्वतः नेसून दाखवलं, पुढून, मागून, बसून, पोरीने सहा स्केचेस काढून आणली. तेव्हापासून मी प्रत्येक बॅचला सांगते की लुगडं, पगडी, घागर काढण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जा.

स्क्रिप्ट

एका पानाला एकच घटना. आमचं वाटप असं झालं, कव्हर १, नकाशा २, मग ३ आणि ४ वर पाण्याची खरेदी. हे तुम्हीपण घ्याच. परिषदेच्या लोकांना प्यायला पाणी नव्हतं म्हणून सवर्णांकडून ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, १९२७ चे ४० रुपये. तिथून सुरू केलं की तळं कशासाठी हे वेगळं सांगावं लागत नाही. आम्ही तिथे घागरी मोजणारा एक दहा वर्षांचा पोरगा घातला, तो आमच्या मनचा. पुढे ५ वर ठराव, ६-७ परिषद, ८-९ तळ्यावर, १० वर परिषदेचे लोक देवळात घुसणार असल्याची अफवा, ११ वर मंडपात जेवत असलेल्या लोकांवर हल्ला, १२ वर तळ्याचं शुद्धीकरण, शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या १०८ घागरी (१०८ घागरी काढायला एका पोराला दोन दिवस लागले, त्याने मोजून काढल्या, कमी काढल्या तर कोणीतरी मोजेल म्हणाला). १३ वर डिसेंबरमधलं मनुस्मृतीचं दहन, १४ वर लुगडं, १५ वर हायकोर्ट आणि १६ म्हणजे मलपृष्ठावर हे सगळं कुठून घेतलं त्याची यादी.

मनचा पोरगा घातला म्हटलं की प्रश्न येतो, त्याच्या तोंडी काहीपण घालायचं का? आमचा नियम असा, खरा माणूस बोलत असेल तर कुठेतरी नोंदलेलंच वाक्य, थोडं आखडून चालेल पण नवीन नाही, आणि त्या फुग्याला सलग रेघ. मनच्या पात्राच्या फुग्याला तुटक रेघ. नकाशाच्या पानावर खाली बारीक अक्षरात हे सांगून टाकायचं. वाचणाऱ्याला दोन मिनिटांत सवय होते आणि पोरांना बाबासाहेबांच्या तोंडी फिल्मी डायलॉग घालता येत नाहीत, तो त्रास वाचतो. चळवळीत माणसं बोलायची ती तेव्हाच्या कोकणातली मराठी, पोरांना ती जमत नसेल तर साधं बोलू द्या, खोटी गावंढळ भाषा अजिबात नको.

छोटी चित्रं आधी

काडेपेटीएवढ्या चौकटीत काड्यांची माणसं, बस. अख्खं बुक दोन ए-फोर कागदांवर मावलं पाहिजे. इथे पानं उलटण्याचं गणित लक्षात ठेवा, उजवीकडचं पान नेहमी विषम, म्हणजे धक्का द्यायचा असेल तर तो सम पानावर, उलटल्यावर दिसेल असा. शुद्धीकरणाच्या घागरी म्हणून १२ वर आल्या, ११ वर मंडपात सांडलेलं अन्न, पान उलटलं की घागरीच घागरी. आणि ८-९ हे मधलं पान, स्टेपलच्या दोन्ही बाजू म्हणजे एकच सलग कागद, मोठं चित्र फक्त इथेच टाका, बाकी कुठेही जोडचित्र टाकलं तर छापताना दोन तुकडे वर-खाली होतात.

त्या मोठ्या चित्राचं घ्या. पहिल्या खेपेला मध्ये बाबासाहेब आणि मागे गोल चेहऱ्यांची गर्दी. मी म्हटलं आता तुम्ही मागून चौथ्या रांगेत आहात, तुम्हाला काय दिसतं? पाठी, फेटे, दोन खांद्यांच्या फटीतून पाण्याची एक पट्टी. तेच काढलं आणि उजव्या कोपऱ्यात लांब एक वाकलेली आकृती, तेवढीच. एक जण विचारत होता, त्यांनी पाण्यात उतरताना चपला काढल्या का? आम्ही शोधलं, कुठल्याच कागदात सापडलं नाही. मग पुढच्या चौकटीत फक्त मनगटापासून पुढची ओंजळ घेतली, पाय चौकटीबाहेर. ही युक्ती बुकभर वापरता येते, जे सापडलं नाही ते कडेबाहेर ठेवायचं, अंदाजाने रंगवायचं नाही.

अक्षरं आधी, फुगा नंतर

पोरं उलटं करतात, मस्त गोल फुगा काढतात आणि मग "अस्पृश्यांनासुद्धा" त्यात मावत नाही. आधी पेन्सिलने वाक्य लिहा, मग त्याभोवती फुगा ओढा. एका फुग्यात पंधरा शब्द पुरे. दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं, वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. हाताने लिहिणार असाल तर ज्याचं अक्षर सगळ्यात वाचनीय त्या एकानेच पूर्ण बुक लिहायचं. कॉम्प्युटरवर टाकणार असाल तर बालू किंवा मुक्ता हे फॉन्ट फुकट आहेत आणि बारीक साइजलाही वाचता येतात.

पेन्सिल, शाई, वाटप

ए-फोर आडवा धरून त्यावर दोन पानं, काठाला एक सेंटिमीटर मोकळं. शाईला ०.५ चं काळं जेलपेन, भरायला ब्रशपेन किंवा मार्कर, मार्करखाली रद्दी ठेवा नाहीतर मागच्या पानावर उतरतो. राखाडी शेडिंग झेरॉक्सला मरतं, काळं-पांढरं आणि रेघांनीच काम करा. प्रत्येकाने एक पान असं वाटप केलं तर घागरवाल्या पोराचा चेहरा तेरा वेळा बदलतो, म्हणून आम्ही कामं वाटली, एक फक्त माणसं, एक घरं-झाडं-तळं, एक शाई, एक अक्षर.

वर्गात बोलायचं ते

हे मी कधीकधी विसरते आणि मग पस्तावते. पोरांमध्ये वेगवेगळ्या घरांतली पोरं असतात. कोणाला तू मार खाणारा हो, तू मारणारा हो अशी पोज द्यायला लावू नका, पोज हवी तर स्वतः द्या. शिव्या लिहायच्या नाहीत, "####" पण नाही, चेहरा काढा. हल्ल्याच्या पानावर आम्ही रक्त टाळलं, उलटलेली ताटं आणि मातीतलं जेवण काढलं. आणि आपल्या घरची आठवण सांगायला कोणाला उभं करू नका, सांगावंसं वाटलं तर पोरं स्वतः सांगतात, बहुतेक वेळा डबा खाताना.

१३ नंबरचं पान बघून एका शाळेत मुख्याध्यापक बिचकले, हे पान वगळा म्हणाले. वाद घालत बसले नाही, शासनाचाच खंड उघडून तो मजकूर दाखवला, त्याचा पान नंबर चित्राखाली लिहिला, पान राहिलं. म्हणून मलपृष्ठावरची यादी शेवटी घाईत नका करू, चौकट काढताना तिच्या मागेच पेन्सिलने कागदाचं नाव आणि पान नंबर लिहून ठेवायची सवय लावा.

छपाई

दुमडून स्टेपल करायचं तर पानं क्रमाने नसतात, समोरासमोरच्या नंबरांची बेरीज नेहमी १७ येते. पहिल्या कागदाच्या बाहेर १६ आणि १, आत २ आणि १५, दुसऱ्याच्या बाहेर १४ आणि ३, आत ४ आणि १३, असं करत शेवटच्या कागदाच्या आत ८ आणि ९. कोऱ्या कागदांचं डमी बुक दुमडून, नंबर टाकून, उलगडून बघा, मगच झेरॉक्सवाल्याकडे जा आणि "दोन्ही बाजूंनी, छोट्या कडेवर उलटून" असं सांगा, नाहीतर मागचं सगळं डोक्यावर येतं. आठ बाजू, बाजूला दोन रुपये, आम्हाला प्रत सोळा रुपयांना पडली. लांब दांड्याचा स्टेपलर नसेल तर सुई-दोऱ्याने तीन टाके घाला, जास्त टिकतं.

छापायच्या आधी प्रूफ तीन वेगळ्या माणसांकडून वाचून घ्या, त्यात एक तरी असा की ज्याने हे काम आधी पाहिलेलंच नाही, आणि त्याला कव्हरपण वाचायला सांगा. आम्ही आतलं पान न् पान तपासलं आणि साठ प्रती छापून आल्यावर कळलं की कव्हरवर मोठ्ठ्या अक्षरात "चवदर तळे" आहे. ज्याने अक्षरं काढली होती त्याने कोणाला हात लावू दिला नाही, दुपारभर बसून काळ्या पेनने साठ काने स्वतः दिले. शेवटचे वीसेक जरा वाकडे आहेत.